‘आय रीड’ की ‘आय ॲम रीडिंग’? वाचनाच्या सवयीबद्दल इंग्रजीत कसं बोलायचं?

इंटरव्ह्यूमध्ये ‘हॉबी काय?’ असं विचारलं की अनेकजण सांगतात, ‘आय ॲम रीडिंग बुक्स डेली.’ मनातलं मराठी वाक्य असतं, ‘मी रोज पुस्तकं वाचत असतो.’ त्यातल्या ‘वाचत’मुळे आपण ‘रीडिंग’ म्हणतो. पण कायमच्या सवयीसाठी इंग्रजीत हा काळ वापरत नाहीत. मग काय म्हणायचं?

रोजची सवय असेल तर
साधा वर्तमानकाळ वापरा : ‘आय रीड एव्हरी नाइट.’ बोलताना हातात पुस्तक असण्याची गरज नाही. तो किंवा ती असेल तर ‘रीड्स’ : ‘माय सिस्टर रीड्स अ लॉट.’

पुस्तक अर्धं झालं असेल तर
‘आय ॲम रीडिंग श्यामची आई.’ पुस्तक घरी कपाटात असलं, पण अजून संपलं नसलं, तरी हे वाक्य बरोबर आहे.

वाचून झालं असेल तर
‘आय हॅव रेड श्यामची आई.’ इथे कधी वाचलं ते सांगत नाहीत. ते सांगायचं असेल तर साधा भूतकाळ : ‘आय रेड इट लास्ट इयर.’ स्पेलिंग ‘रीड’चंच राहतं, उच्चार मात्र ‘रेड’ होतो.

अनेक वर्षांपासून वाचत असाल तर
‘आय ॲम रीडिंग सिन्स टेन इयर्स’ हे चूक. बरोबर वाक्य : ‘आय हॅव बीन रीडिंग मराठी नॉव्हेल्स फॉर टेन इयर्स.’ किती काळ हे सांगताना ‘फॉर’, कधीपासून हे सांगताना ‘सिन्स’. उदाहरणार्थ, ‘सिन्स 2015’.

सवय सुटली असेल तर
‘आय यूज्ड टू रीड अ लॉट.’ म्हणजे पूर्वी खूप वाचायचो. ऐकणारा समजतो, आता वाचत नाही. त्यामुळे आजही वाचत असाल तर इंटरव्ह्यूमध्ये हे वाक्य टाळा.

लक्षात कसं ठेवायचं?
बोलण्याआधी मनातलं मराठी क्रियापद तपासा. ‘वाचतो/वाचते’ असेल तर ‘रीड’, ‘सध्या वाचतोय/वाचतेय’ असेल तर ‘ॲम रीडिंग’, ‘वाचलंय’ असेल तर ‘हॅव रेड’, ‘वाचायचो/वाचायचे’ असेल तर ‘यूज्ड टू रीड’. आणि ‘वाचत असतो’ मनात आलं, तर आधी त्याचं ‘वाचतो’ करा. अर्धी चूक तिथेच टळते.