तळटीप ३१ : बेलापूर

३१. बेलापूर : हे नवी मुंबईतले बेलापूर नव्हे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले, प्रवरेकाठचे जुने गाव. लेखक ‘बेलापूरला उतरलो’ म्हणतो, तो मात्र गावात उतरलेला नाही. स्टेशन गावापासून काही मैल दूर, माळावर होते; तिथून पुढे बैलगाडी करावी लागे. मजकुरातला रात्रीचा प्रवास तो हाच.

हे स्टेशन दौंड-मनमाड लोहमार्गावरचे. मुंबईहून पुण्याकडे आणि भुसावळकडे जाणाऱ्या दोन मोठ्या मार्गांना जोडणारा हा दुवा १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामाला १८७६-७७च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर आलेल्या मजुरांचे हात लागले आहेत. पोटासाठी बायाबापड्यांनी पाट्या वाहून ते भराव घातले. रेल्वेचा इतिहास सांगताना साहेबांची नावे येतात, ही माणसे राहून जातात, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले.

पुढे १९२६ साली भंडारदरा धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. स्टेशनाभोवतीच्या पेठेचे श्रीरामपूर शहर झाले. शहराचे नाव बदलले तरी स्टेशनाच्या पाटीवर बेलापूरच राहिले, आणि वाचकाचा घोटाळा होतो तो इथेच. पुढील पानांत ‘स्टेशन’ येईल तेथे आजचे श्रीरामपूर समजावे. नुसते ‘बेलापूर’ येईल तेथे नदीकाठचे गाव.