बाग बघायची, तर आधी पाणी बघा

आमच्या गटांच्या बैठकीत सहलीचा विषय निघाला. दरवर्षी आम्ही देवाला जातो. या वेळी एका मावशींनी विचारलं, "ताई, देवाला तर जातोच. पण नुसतं निवांत बसायला कुठं जाता येईल का?" सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. गावात गडीमाणसांना बसायला पार आहे, हॉटेलापुढचा बाक आहे. आपण मात्र चार जणी भेटतो त्या नळावर, घागर भरेपर्यंत. तेही उभ्यानंच.

मग ठरलं की छत्रपती संभाजीनगरच्या बागा बघायच्या. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट. भाकरी बांधून घेतल्या आणि सकाळच्या गाडीनं निघालो.

जायच्या आधी आम्ही थोडा इतिहास वाचला. तोच आज तुम्हाला सांगतो.

हे शहर वसवलं मलिक अंबरनं, १६१० साली. तेव्हा गावाचं नाव होतं खडकी. मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला, हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे आपल्या कर्तबगारीनं निजामशाहीचा वजीर झाला. खडकीला त्यानं राजधानी केली. पण नावातच खडक असलेल्या गावात पाणी कुठलं? मग त्यानं नहर बांधली. नहर म्हणजे जमिनीखालून आणलेला पाण्याचा पाट. डोंगराकडचं, जमिनीत मुरलेलं पाणी धरायचं आणि उताराउतारानं शहरात आणायचं. मोटर नाही, वीज नाही. खापराचे नळ, दगडी बांधकाम आणि मधे मधे पाण्याचा जोर राखायला उंच बंबे. तिचं नाव नहर-ए-अंबरी. पुढे औरंगजेब इथे सुभेदार म्हणून आला, शहराचं नाव बदललं, वस्ती वाढली आणि आणखी नहरी झाल्या. बागा फुलल्या त्या या पाण्यावर.

आम्ही पहिल्यांदा गेलो पाणचक्कीला. खाम नदीच्या काठावर बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे, त्याच्याच आवारात ही चक्की. शहराबाहेरच्या डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणलं, ते उंच भिंतीवर चढवलं आणि तिथून हौदात सोडलं. पाण्याच्या जोरानं खाली लोखंडी पात्यांचं चाक फिरायचं, चाकाबरोबर जात्याची तळी फिरायची. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी इथे पीठ दळलं जाई. इथला मोठा हौद १७४४ सालचा. त्या हौदाच्या खाली दालन आहे, हौदाचा तळ तेच दालनाचं छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही आत गारवा.

चक्कीपाशी आमच्या एक आजी बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "तीनशे वर्षांमागं पाण्यावर जातं फिरत होतं, अन् आम्ही लग्न होऊन आलो तवा पहाटे चारला उठून हातानं दळत होतो." त्यावर कुणी काही बोललं नाही. अक्कल होती, पाणी होतं, यंत्र होतं. आपल्या घरातल्या जात्यापर्यंत मात्र ते यायला किती पिढ्या गेल्या.

तिथून बीबी का मकबरा. हा बांधला दिलरास बानू बेगमच्या कबरीवर. ती औरंगजेबाची बायको, रबिया-उद-दौरानी हे तिचं दुसरं नाव. १६५७ साली तिला पाचवं मूल झालं आणि महिनाभरात ती गेली. बादशहाच्या घरची सून, हाताशी हकीम, दासी, पैसा. तरी बाळंतपणातून उठली नाही. हे ऐकल्यावर आमच्यातल्या तिघींना आपापल्या घरातली माणसं आठवली. मकबरा मुलानं, आझमशहानं आईसाठी बांधला असं सांगतात. पण आझमशहा १६५३ चा, आणि मकबरा १६६०-६१ मध्ये पुरा झाला. म्हणजे तो तेव्हा सात-आठ वर्षांचा. त्यामुळे बांधायचा हुकूम औरंगजेबाचाच असणार, असं बरेच अभ्यासक मानतात.

मकबऱ्याभोवती चारबाग आहे. बागेचे चार भाग, मधून पाण्याचे पाट आणि कारंजी. मुख्य दरवाजावर दोघांची नावं आहेत. एक अताउल्ला, इमारतीचा रचनाकार, आणि दुसरा हंसपत राय, अभियंता. ज्यांनी माती उकरली, दगड वाहिले, त्यांची नावं नाहीत. त्यांत बायका असतीलच. आत संगमरवरी जाळीतून खाली कबर दिसते. एवढा थाट, आणि कबरीवर साधी उघडी माती.

दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग हीसुद्धा मुघल काळातली. राजेरजवाड्यांच्या या बागेत आज कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. जुनी मोठी झाडं आहेत, रोपं-कलमं तयार होतात. आमच्यातल्या परसबागवाल्या इथून निघायलाच तयार नव्हत्या. समोरच सलीम अली सरोवर. हा जुना तलाव, आता पक्ष्यांचा आसरा.

शेवटी बसस्थानकाजवळच्या सिद्धार्थ उद्यानात आलो. ही महानगरपालिकेची बाग, ना बादशहाची ना बेगमची. तिथे हिरवळीवर फतकल मारून आम्ही भाकरी सोडल्या. एक जण चक्क आडवी झाली. म्हणाली, "उघड्यावर अशी लवंडले, ते माहेर सुटल्यापासून पहिल्यांदाच." कुणी हटकलं नाही, कुणी काम सांगितलं नाही. एक तास आम्ही काहीही केलं नाही.

परतीच्या गाडीत बोलणं आलं ते आपल्या गावच्या बारवेवर. चांगली घडीव दगडाची बारव, पायऱ्या शाबूत, पण आत प्लास्टिक आणि गाळ. आपल्याकडेही कुणीतरी कधी पाणी बांधलं होतं, ते आपणच बुजवलं. महिला ग्रामसभेत आम्ही विषय मांडला की बारव साफ करा, भोवती कडुनिंब, करंज लावा आणि बायकांना बसायला दगडी ओटा बांधा. गाळ काढण्यावर लगेच एकमत झालं. ओट्यावर मात्र हशा झाला. "बायकांना बसायला कशाला लागतंय?" असं विचारलं गेलं.

आम्ही ठरावात दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. गाळाचं काम दर रविवारी गटातल्या बायकांनी सुरू केलंय. ओट्याचं अजून भांडण चालू आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.

तुम्हीही एकदा या बागा बघायला जा. उन्हं चढायच्या आत पोचा, प्यायचं पाणी बरोबर ठेवा, लेकींना आणि सुनांना सोबत न्या. बाग बघताना फुलांच्या आधी पाट बघा, पाणी आलं कुठून ते विचारा. आणि मग थोडा वेळ नुसत्या बसा.