‘झपूर्झा’ आणि प्रतिभेचा क्षण

मराठी काव्यचर्चेत ‘स्फूर्ती’ हा शब्द पुष्कळदा विवेचनाचा आरंभ न ठरता शेवट ठरतो. कविता स्फुरली असे म्हटले, की ती घडली कशी हा प्रश्नच उरत नाही. केशवसुतांची ‘झपूर्झा’ (१८९३) या समजुतीला सहज आधार पुरवते; कारण नेहमीच्या जाणिवेची सीमा ओलांडणारी तंद्री हाच तिचा विषय आहे.

संस्कृत काव्यशास्त्राने हा प्रश्न इतक्या सहजपणे मिटवला नव्हता. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तीन स्वतंत्र हेतू न मानता तिहींचा मिळून एकच काव्यहेतू मानला. आधुनिक मानसशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येते. टेनेरिफ बेटावरील चिंपांझींच्या निरीक्षणांवर आधारलेल्या कोलरच्या ग्रंथात (१९१७) अवचित उकल म्हणजे पुनर्रचना होय: घटक तेच राहतात, त्यांच्यातील संबंध नव्याने दिसतो. ग्रॅहम वॉलसने १९२६ मध्ये प्रकाशाच्या क्षणाआधी तयारी व परिपाक आणि नंतर पडताळा अशा अवस्था सांगितल्या. शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूचा २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर असे दाखवतो, की उत्तर ‘एकाएकी’ सुचण्यापूर्वीच उजव्या शंखखंडात हालचाल झालेली असते. क्षण अवचित वाटतो. त्यामागची प्रक्रिया तशी नसते.

या दृष्टीने केशवसुतांचा काव्यप्रवास पाहण्याजोगा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंडच्या या कवीने १८८५ मध्ये ‘रघुवंशा’तील उताऱ्याचे भाषांतर केले, १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहून चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले. ‘झपूर्झा’ त्यानंतरच्या वर्षीची. तिच्या तंद्रीमागे वृत्तांची, भाषांतराची आणि आकाराशी केलेल्या झटापटीची वर्षे उभी आहेत. खुद्द ‘झपूर्झा’ हा शब्दही शून्यातून आलेला नाही. मुलींच्या खेळात ‘जा पोरी जा’ हे बोल जलद म्हटले जात, त्यांचेच हे रूप. ध्वनी ओळखीचे, खेळ ओळखीचा. केशवसुतांनी त्याला ज्ञानाच्या सीमेवरील अवस्थेचे नाव केले. पुनर्रचनेचे याहून नेमके उदाहरण मराठी कवितेत क्वचितच सापडेल.

अर्थात प्रयोगशाळेतील निष्कर्ष कवितेला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कोड्याचे उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते बरोबर की चूक हे तपासता येते. कवितेत प्रश्न आणि उत्तर एकत्रच घडतात. पडताळ्याचे काम पिढ्यानुपिढ्यांचे वाचक करतात. म्हणून मेंदूतील हालचालीची नोंद कवितेचे मूल्य सांगू शकत नाही. ती एवढेच करते, की ‘स्फूर्ती’च्या नावाखाली झाकलेला कवीचा अभ्यास पुन्हा विवेचनाच्या कक्षेत आणते. केशवसुतांच्या तंद्रीचा गौरव करताना त्यांचे श्रम पुसले जाणार नाहीत, याची काळजी समीक्षेनेच घ्यावयाची आहे.