मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार

सोलापूर जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं, बेगमपूर व ब्रह्मपुरीच्या बाजूस, इतिहासाचा अभ्यासक जातो तो १६९५ ते १६९९ पर्यंत तेथें असलेल्या औरंगजेबाच्या छावणीच्या खुणा शोधण्यास. त्या छावणींत शिकलगारांच्या सहाणांस उसंत नसेल. आज त्याच मुलखांत, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांतून, कडू भोपळे मोठ्या निगेनें वाढवितात. वाळले कीं ते मिरजेस जातात व त्यांचे तंबोरे होतात. तेथें त्यांना हात लावणारीं घराणींही मूळचीं शिकलगारांचींच, हा योग आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगा वाटतो.

या घराण्यांचे आद्य कारागीर म्हणून मिरजेस फरीदसाहेब शिकलगार यांचें नांव आदरानें घेतात. शिकलगार म्हणजे हत्यारांस धार व झिलई देणारा. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, पथकें मोडलीं आणि या धंद्याचें गिऱ्हाईकच सरूं लागलें. मिरज ही पटवर्धनांची राजधानी. दरबारीं गाण्याबजावण्याची आवड. नादुरुस्त वाद्यें येत, पण तीं नीट करणारा जवळ कोणी नसे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांनीं तें काम पत्करलें व दुरुस्त करतां करतां नवीं वाद्यें घडविलीं, असें तेथील परंपरा सांगते.

हा पालट वरवर पाहतां विलक्षण दिसतो. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. तंबोऱ्यांत भोपळा, तुणीच्या लांकडाची दांडी, तबली, खुंट्या हें सारें चांगला सुतारही जुळवील. खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा कानशीनें इतका बारीक उतरवावा लागतो कीं तार त्यावर जेमतेम टेकावी, आणि खालीं सुताचा दोरा सरकवितांच तिचा झंकार खुलावा. केसभर अधिक घासलें तर आवाज बसतो व घोडीचें तोंड पुन्हां करावें लागतें. पात्याची धार बोटानें ओळखणाऱ्या माणसास ही नजर नव्यानें शिकावी लागली नसेल. कान मात्र तयार करावा लागला असेल, व त्यास गवयांची संगत हवी. ती मिरजेस पुढेंही भरपूर होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर येथेंच शिकले. अबदुल करीम खां येथें स्थायिक झाले. १९३७ सालीं वारल्यावर त्यांचें दफनही येथेंच झालें. वाद्यदुरुस्तीचा नाद स्वतः खांसाहेबांनाही होता.

२०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. पण कागदपत्रें चाळणारांस येथें एक सूचना करावीशी वाटते. या वंशांतील पुष्कळ मंडळी आज सतारमेकर या आडनांवानें ओळखली जातात. धंद्याबरोबर आडनांवही पालटलें. संस्थानी दप्तरांत त्यांचे पूर्वज शोधूं जाणाऱ्यानें सतारमेकर हा शब्द धुंडूं नये. हत्यारांच्या झिलईच्या मजुरीचे जमाखर्च काढावे, व तेथें शिकलगारांचीं नांवें पाहावीं.