निरामिष आमिष

‘आमिष’ या शब्दाचा जुना अर्थ मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या जोडशब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. गळाला लावायची वस्तू बहुधा मांसाचीच असे. त्यामुळे मोहात पाडणारी कोणतीही वस्तू म्हणजे आमिष, हा अर्थ रूढ झाला आणि आज निवडणुकीच्या बातम्यांत तर तोच तेवढा उरला आहे. अर्थविस्ताराचे उदाहरण म्हणून हा शब्द आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो. मात्र ज्यात मांसाचा कणही नाही असे एक आमिष विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत जन्माला आले आणि त्याने एका माशाचे व त्याला पकडणाऱ्यांचे परस्परसंबंध बदलून टाकले, हे आम्हांला फार उशिरा कळले. हे आमिष म्हणजे मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ.

ज्याच्यासाठी ते घडले तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. उत्तर अमेरिकेच्या पूर्व व दक्षिण भागांतील गोड्या पाण्याचा हा रहिवासी नावाने बास असला तरी कुळाने सनफिश आहे. त्याची शिकारीची रीत दबा धरण्याची. उथळ पाण्यातले दाट गवत, कमळाची पाने, बुडालेली खोडे यांच्या आडोशाला तो स्तब्ध राहतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की आपला रुंद जबडा एकदम उघडतो. पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत ओढले जाते. जे तोंडात आले ते कठीण, परके वाटले तर तितक्याच चपळाईने तो ते थुंकूनही टाकतो.

गळ टाकणाऱ्याची पंचाईत येथेच होती. मासा गवतात, आणि गवत म्हणजे उघड्या गळाचा शत्रू. दर फेकीला गळाच्या टोकाला शेवाळाचा झुबका लागायचा किंवा दोरा खोडात अडकून तुटायचा. गवतातून सुटून येणारे धातूचे चमचे आणि डुकराच्या कातडीच्या पट्ट्या लावलेले गळ यांचा वापर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात होत असे. परंतु दाट झुडुपात हळूहळू, थांबत थांबत फिरू शकेल असे साधन नव्हते. गवत हा त्या माशाचा किल्ला होता.

हा किल्ला फोडणारी वस्तू ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात तयार झाली, हा केवळ योगायोग मानता येत नाही. ॲक्रन ही अमेरिकेची रबरनगरी. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच या टायर-कंपन्या येथेच वाढल्या. गुडरिच कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ वाल्डो सेमन यांनी १९२६ साली पीव्हीसी हे मूळचे कडक, निरुपयोगी समजले गेलेले द्रव्य मऊ व लवचिक करण्याची युक्ती शोधली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर हे मऊ प्लॅस्टिक घरोघरी पोहोचले. त्याच शहरात निक क्रीम नावाचा एक यंत्रकारागीर राहत होता. मासे पकडण्याचा नाद असलेल्या या गृहस्थाने पत्नी कॉस्मा हिच्यासह स्वयंपाकघरातील शेगडीवर व्हिनाइल, तेल आणि रंग शिजवून पाहिले, आणि १९४९ साली साच्यातून एक मऊ, थरथरते गांडूळ बाहेर काढले. १९५१ पासून ते टपालाने विकले जाऊ लागले. रबराची गांडुळे करण्याचे प्रयत्न त्यापूर्वीही झाले होते; पण ती ताठ असत. हे गांडूळ पाण्यात सजीवासारखे हलले आणि माशाच्या तोंडात सजीवासारखे लागले.

तरीही आमच्या मते खरी क्रांती साच्यात झाली नाही. ती झाली गळ लावण्याच्या पद्धतीत. क्रीम यांचा व्यवसाय पुढे टेक्सासमधील टायलर या गावी गेला, आणि त्या परिसरातील मच्छीमारांनी हे गांडूळ वेगळ्या रीतीने ओवायला सुरुवात केली. दोऱ्यावर पुढे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, सरकते शिसे, त्यामागे गांडूळ. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून घालून थोड्या अंतरावर बाहेर काढायचे, गळ उलटा फिरवायचा आणि टोक पुन्हा त्याच्याच अंगात खुपसून झाकून टाकायचे. आता बाहेर काहीच टोकदार नाही. निमुळते शिसे गवतातून वाट काढते, गांडूळ त्यामागून सरपटते आणि काहीच अडकत नाही. मऊ घास म्हणून मासा तो क्षणभर अधिक तोंडात धरतो. तेवढ्यात माणसाने काठीला जोराचा हिसका दिला की लपलेले टोक प्लॅस्टिक भेदून जबड्यात रुतते. या पद्धतीला कुणा व्यक्तीचे नव्हे, राज्याचे नाव मिळाले: टेक्सास रिग.

नेमक्या याच काळात पाणीही बदलत होते. १९३३ च्या टेनेसी खोरे योजनेपासून अमेरिकेच्या दक्षिणेत धरणांमागून धरणे झाली. शेते व जंगले बुडून विस्तीर्ण जलाशय निर्माण झाले. पूर्व टेक्सासमध्ये साठच्या दशकात सॅम रेबर्न आणि टोलेडो बेंड भरले, तेव्हा असंख्य झाडे उभीच पाण्याखाली गेली. त्यात हायड्रिलाची भर पडली. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवलेली, प्राणवायूचे बुडबुडे सोडणारी ती वनस्पती आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आठवत असेल. आशियातली ही पाणवनस्पती पन्नासच्या दशकात मत्स्यपेट्यांच्या व्यापारातून फ्लोरिडात गेली आणि तेथून दक्षिणेच्या जलाशयांत बेफाम पसरली. बाससाठी नवे किल्ले उभे राहिले, आणि किल्ल्याची किल्ली आता एका डॉलरला मूठभर मिळत होती.

रे स्कॉट या अलाबामातील विमाविक्रेत्याने या छंदाची स्पर्धा केली. जून १९६७ मध्ये आर्कान्सामधील बीव्हर लेकवर त्याने भरवलेल्या सामन्यात १०६ जण उतरले. पुढच्याच वर्षी त्याने ‘बास’ ही संघटना काढली. १९७१ साली लेक मीडवर पहिला ‘बासमास्टर क्लासिक’ सामना झाला. बक्षीस होते १०,००० डॉलर. मासे वजन करून मांडायचे आणि मेलेल्या माशांच्या माळांसह छायाचित्रे काढायची, हा त्या काळचा शिरस्ता होता.

येथे आमच्या मते या इतिहासाचा मर्मबिंदू येतो. १९७२ साली स्कॉटने मासे पकडून जिवंत परत सोडण्याचा आग्रह आपल्या सामन्यांत आणला. नावांत हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या, जिवंत माशाला जादा गुण मिळू लागले. यात आपल्या खेळाची बदनामी टाळण्याचा व्यवहार नव्हता असे कोण म्हणेल? पण त्याहून खोल कारण आम्हांला असे दिसते, की गवत होते तोवर संयमाचे काम गवत करीत होते. काही मासे माणसाच्या हाती लागतच नसत. गांडुळाने ती मर्यादा पुसली, तेव्हा निसर्गाने घातलेली मर्यादा माणसाला नियम म्हणून लिहून काढावी लागली. अशा नियमांचा जन्म पुष्कळदा करुणेपेक्षा कौशल्यातूनच होतो.

या नात्यातील गुंतागुंत टॉम मान या अलाबामाच्या आमिष-उत्पादकाच्या चरित्रात दिसते. त्याने स्ट्रॉबेरी, द्राक्षे अशा फळांच्या वासाची ‘जेली वर्म’ विकली. माशाला स्ट्रॉबेरी काय ठाऊक? वास माशासाठी किती आणि गिऱ्हाइकासाठी किती, हा प्रश्नच आहे. याच मानने १९७३ मध्ये पकडलेला एक बास टाकीत पाळला, त्याचे नाव लिरॉय ब्राउन ठेवले, आणि तो मेला तेव्हा शेकडो लोकांच्या साक्षीने त्याचा दफनविधी करून स्मारकशिला उभारली. यावर हसावे की गंभीर व्हावे, ते आम्हांला ठरवता आले नाही.

लिहून ठेवलेल्या त्या नियमात एक गोष्ट मात्र राहून गेली. मासा परत पाण्यात जातो. तुटलेले गांडूळही पाण्यातच राहते. खरे गांडूळ कुजून नाहीसे होते. हे पीव्हीसीचे असल्याने कुजत नाही, उलट फुगते, आणि मासे ते गिळतात. माशांच्या पोटांतून अशी गांडुळे निघाली आहेत. २०१३ साली मेन राज्याच्या विधिमंडळात अशा आमिषांवर बंदीचा प्रस्ताव आला. मच्छीमारांनी जोरदार विरोध केला आणि बंदी आली नाही.

शब्दार्थाच्या तासाला आता आम्ही या गांडुळाची गोष्ट सांगतो. मांस हा अर्थ सोडून आमिष केवळ मोहाचे झाले, तेव्हा आम्ही त्याला अर्थविस्तार म्हणालो. मांस होते तोवर आमिषाला शेवट होता. निरामिष झाल्यावर ते तळाशी तसेच पडून आहे, आणि सामन्यांच्या त्या नियमात त्याला जागा मिळाली नव्हती.