टोकन, नाणं आणि यंत्राची आठवण

मुनिरका हे जेएनयूला लागून असलेलं दक्षिण दिल्लीतलं जुनं गाव. आता त्याच्याभोवती डीडीएचे फ्लॅट आहेत आणि २०१८ पासून मॅजेंटा लाइनचं मेट्रो स्टेशनही आहे. स्टेशनात तिकिटाच्या यंत्रासमोर उभं राहिलं की मला दिल्लीचं त्याहून जुनं एक यंत्र आठवतं, दुधाचं.

ऑपरेशन फ्लड १९७० साली सुरू झालं आणि १९७४ मध्ये दिल्लीत मदर डेअरी उभी राहिली. बूथवर टोकन घ्यायचं, यंत्रात टाकायचं आणि नळाखाली किटली धरायची. ठरलेलं माप पडलं की नळ बंद. साहेब असो वा शिपाई, माप एकच. गवळ्याच्या मापावरून रोज होणारा वाद त्या यंत्राने मिटवला.

ही कल्पना मात्र फार जुनी. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मंदिरातल्या तीर्थासाठी असंच यंत्र वर्णिलं आहे. नाणं तबकडीवर पडलं की तरफ कलायची आणि पाणी वाहायचं. तबकडी कलता कलता नाणं घसरून पडायचं आणि पाणी थांबायचं. म्हणजे यंत्राच्या अवस्था दोनच, बंद आणि चालू.

या ‘अवस्थे’चं गणित विसाव्या शतकात झालं. मॅककलॉक आणि पिट्स यांनी १९४३ साली मेंदूतल्या पेशींचा नमुना मांडला. १९५५ मध्ये मीली आणि १९५६ मध्ये मूर यांनी अवस्थांवर चालणाऱ्या यंत्रांचे आराखडे दिले. राबिन आणि स्कॉट यांचा निबंध १९५९ चा. त्यासाठी त्यांना १९७६ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या यंत्राला फायनाइट स्टेट ऑटोमेटन म्हणतात, म्हणजे मोजक्याच अवस्था असलेलं यंत्र.

एक उदाहरण घेऊ. वस्तूची किंमत १५ रुपये. यंत्र ५ आणि १० ची नाणी घेतं आणि ‘रद्द’चं एक बटण आहे. अवस्था तीन: शून्य जमा, ५ जमा, १० जमा. ५ जमा असताना १० चं नाणं पडलं की वस्तू द्यायची आणि शून्यावर यायचं. १० जमा असताना पुन्हा १० पडले तर वस्तू द्यायची, ५ परत करायचे आणि शून्यावर यायचं. गंमत बघा, पाचाची दोन नाणी टाकली काय किंवा दहाचं एक टाकलं काय, यंत्राला दोन्ही सारखंच. कसे आले हे ते विसरतं, किती आले एवढंच लक्षात ठेवतं. त्याची सगळी स्मृती म्हणजे ती अवस्था.

आता कागदावर तक्ता आखा. तीन अवस्था, तीन घटना, घरं नऊ. प्रत्येक घरात लिहायचं की काय करायचं आणि कुठल्या अवस्थेत जायचं. ‘१० जमा असताना रद्द दाबलं’ हे घर कोरं राहिलं, तर गिऱ्हाइकाचे दहा रुपये गेले. आणि वीज गेली तर? ही चौथी घटना, म्हणजे आणखी तीन घरं. वीज परत आल्यावर यंत्र मुकाट्याने शून्यावर आलं, तर जमा झालेल्या पैशांची साक्ष कोण देणार? बूथवर निदान टोकन देणारा माणूस समोर असायचा, त्याच्याशी बोलता यायचं. भिंतीतल्या यंत्राशी वाद घालता येत नाही.

फौजेत पहारेकऱ्याला आम्ही हेच शिकवतो. अंधारात चाहूल लागली तर काय करायचं, हाक दिल्यावर उत्तर आलं तर काय, नाही आलं तर काय, हे सगळं पहाऱ्यावर जाण्याआधी ठरलेलं असतं. ऐन वेळी विचार करायला सवड नसते. यंत्राला तर विचारच करता येत नाही. म्हणून त्याच्या वाटचा विचार आराखडा करणाऱ्याने आधी करायचा, आणि तक्त्यातलं एकही घर कोरं ठेवायचं नाही. गरिबाचे दहा रुपये त्याच घरात अडकतात.