कंपायलर आहे, पण तो चालतो का?

१९८०च्या दशकात युनिक्स ही प्रणाली नावाला एक असली, तरी प्रत्येक संगणक कंपनीचे युनिक्स थोडे निराळे असे. एखादी सोय एका यंत्रावर मिळे, दुसऱ्यावर नसे. प्रोग्राम बहुधा सी भाषेतील मूळ मजकुराच्या रूपात वाटले जात. तो मजकूर यंत्रभाषेत उतरवण्याचे काम कंपायलर करी. पण त्याआधी तो आपल्या यंत्राला जुळवून घ्यावा लागे. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये आपल्या ‘आरएन’ या प्रोग्रामबरोबर यंत्राची चौकशी करणारी एक स्क्रिप्ट दिली. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी ग्नू प्रकल्पातील अनेक प्रोग्राम सांभाळत होते. ते बसवताना वापरणाऱ्याला सुमारे २० पर्याय हाताने निवडावे लागत. ते स्वतःच ओळखणारी छोटी स्क्रिप्ट मॅकेन्झींनी लिहिली. तिच्यातूनच पुढे ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन घडले.

ऑटोकॉन्फची रीत प्रयोगशाळेतली आहे. यंत्राच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. प्रत्येक सोयीसाठी चार ओळींचा प्रोग्राम लिहून तो कंपायलरला द्यायचा. तो यंत्रभाषेत उतरला तर ‘होय’, नाही तर ‘नाही’.

पण कंपायलरच बिघडलेला असेल तर? मग प्रत्येक प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ येईल आणि धडधाकट यंत्रात काहीच नाही, असा निष्कर्ष निघेल. पिष्टमय पदार्थ ओळखताना आपण आयोडीनचा थेंब आधी बटाट्यावर टाकून पाहतो. तिथेच निळा-काळा रंग आला नाही, तर दोष आयोडीनचा. ऑटोकॉन्फची स्क्रिप्टही तेच करते. सुरुवातीलाच ती काहीही न करणारा, केवळ शून्य परत देणारा प्रोग्राम कंपायलरला देते. चालवता येईल अशी फाइल तयार झाली नाही, तर ती तिथेच थांबते.

ही खबरदारी अनाठायी नव्हती. १९९२ मध्ये आलेल्या सोलारिस २ पासून सन कंपनीने सी कंपायलर प्रणालीबरोबर देणे बंद केले. तो वेगळा विकत घ्यावा लागे. तरी ‘सीसी’ नावाची एक फाइल एका जुन्या डिरेक्टरीत असे. ती चालवली, की ऐच्छिक सॉफ्टवेअर बसवलेले नाही, असा संदेश येई. नाव होते, कंपायलर नव्हता!

फाइल तयार झाली, की स्क्रिप्ट ती चालवूनही पाहते. कारण एका यंत्रावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी प्रोग्राम तयार करता येतो. असा प्रोग्राम तयार होतो, पण इथे चालत नाही. तसा हेतू आधी सांगितला नसेल, तर स्क्रिप्ट पुढे जात नाही.

कंपायलर चांगला ठरला, म्हणून पुढची प्रत्येक ‘नाही’ खरी ठरते का? मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या फायली लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दडवलेली चोरवाट उघड झाली. नंतरच्या तपासणीत आणखी एक गोष्ट आढळली. ‘सीमेक’ या दुसऱ्या साधनासाठी लिहिलेल्या एका चाचणीत एक जादा टिंब घुसवलेले होते. त्यामुळे चाचणीचा प्रोग्राम कोणत्याही कंपायलरवर उतरणे शक्य नव्हते. उत्तर नेहमी ‘नाही’ येई आणि लँडलॉक ही सुरक्षेची सोय गुपचूप वगळली जाई. आयोडीन चांगले होते. परीक्षानळीच बदललेली होती.

म्हणून विद्यार्थ्याने प्रयोगवहीत ‘आढळले नाही’ असे लिहिले, की त्याला विचारावे: असते तर या प्रयोगात दिसले असते, हे तू कसे पाहिलेस?